बाजूला काढलेले ठिपके

माझी धाकटी बहीण गेल्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. बेचाळीस वर्षांची होती. तिच्या जाण्यात माझा जो हात आहे, तो घरात कोणाला माहीत नाही. तिला मात्र मी सांगितलं होतं. ते कसं सांगितलं आणि तिने काय केलं, तेवढ्यासाठी हे लिहायला घेतलं आहे.

मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. वीस-बावीस वर्षं फळ्यावर रंगीत खडूने बेडकाचं हृदय आणि माणसाचं मूत्रपिंड काढत आलो. माझ्या आकृत्या चांगल्या येतात असा माझा समज आहे. मेच्या सुट्टीत अकोल्याच्या एका कॉलेजात सहा दिवसांचं प्रशिक्षण आहे, असं पत्र प्राचार्यांनी माझ्या पुढ्यात टाकलं, तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. 'वैज्ञानिक चित्रण आणि वैद्यकीय माहितीचं विश्लेषण, नवशिक्यांसाठी, प्रत्यक्ष हाताने करून.' असल्या प्रशिक्षणांत काय होतं ते मला पाठ होतं. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचा लांबलचक परिचय, मग जेवण, मग पेंग, शेवटी प्रमाणपत्र. शिवाय तो 'नवशिक्या' शब्द मला झोंबला होता. पन्नाशीला आलेल्या मास्तराला कोणी नवशिक्या म्हटलेलं आवडत नाही.

हे प्रशिक्षण तसं निघालं नाही. शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी हारतुरे दहा मिनिटांत उरकायला लावले आणि प्रत्येक टेबलावर लॅपटॉप उघडायला लावला. नकाशा वाचावा तसा आकड्यांचा तक्ता वाचायचा, हे त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं. तिसऱ्या दिवशी कोणा अनोळखी माणसाचं स्कॅन पडद्यावर आणलं. पावाचे काप असावेत तशी त्याच्या पोटाची चित्रं एकामागून एक येत होती. प्रत्येक कापात मूत्रपिंड ओळखून ते रंगवायचं होतं. शेदीडशे काप रंगवून झाल्यावर एक बटण दाबलं आणि ते मूत्रपिंड अख्खंच्या अख्खं पडद्यावर उभं राहिलं, माउस फिरवू तसं फिरू लागलं. मी नारिंगी रंग घेतला होता. शेजारी अकोल्याचा एक लॅब टेक्निशियन बसला होता, तो म्हणाला, "सर, तुमी त शेंदूरजन्याचं संत्रंच लटकवलं." मी हसलो, पण खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं ज्याची आकृती काढत होतो ते पहिल्यांदा असं समोर वळताना पाहिलं.

चौथ्या दिवशी मॅडमनी खरं काम काढलं. आमचा भातकुलीकडचा भाग काय आणि अकोल्याचा अकोटकडचा भाग काय, दोन्ही खारपाणपट्ट्यात येतात. विहिरीला पाणी लागतं पण ते खारट. या गावांत मूत्रपिंडाची दुखणी फार, म्हणून एका आरोग्य प्रकल्पाने रक्ततपासणीची शिबिरं घेतली होती, एकदा दिवाळीच्या सुट्टीत आणि एकदा मार्चमध्ये. सगळी नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत पडून होती. ती संगणकात घालायची, प्रत्येक माणसाचे दोन आकडे दोन ठिपक्यांनी दाखवायचे आणि ठिपके रेषेने जोडायचे. आकडा होता क्रिएटिनिनचा. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की तो रक्तात वाढतो. ज्याची रेष वर चढेल त्याचं नाव यादीत जाणार होतं, आणि ती यादी घेऊन आरोग्य केंद्राच्या नर्सताई घरी जाणार होत्या. आकडा दोनच्या वर असेल त्याला शिबिरातूनच चिठ्ठी देऊन अकोल्याला पाठवलेलं होतं. त्याच्या खालच्या माणसांसाठी ही रेष होती. एकच ठिपका असेल तर तो बाजूला ठेवायचा, पुढच्या दिवाळीच्या शिबिरापर्यंत. उन्हात राबून आलेल्या माणसाचा एखादा आकडा पाणी कमी प्यायल्यानेही वाढतो, म्हणून एकट्या ठिपक्यावर विसंबायचं नाही, असं ठरलं होतं.

माणसांची नावं संगणकात जाऊ द्यायची नाहीत, हा मॅडमचा कडक नियम होता. एका वहीत नाव आणि त्यापुढे क्रमांक लिहायचा, संगणकात फक्त क्रमांक. दोन रजिस्टरांतली नावं जुळवून ती वही तयार करायचं काम मी मागून घेतलं. दरवर्षी शेकडो पोरांच्या गुणपत्रिका जुळवणारा माणूस मी. नावं जुळवण्यात माझा हात कोण धरणार? एकाच माणसाला कोणी आडनाव आधी लिहिलेलं, कोणी बापाचं नाव गाळलेलं, सगळं मी हुडकून काढलं. टेक्निशियन आकडे टाकत होता आणि मी फुशारकी मारत होतो.

भातकुलीकडच्या दिवाळीच्या रजिस्टरात आमच्या गावाचं पान आलं आणि त्यात माझ्या बहिणीचं नाव दिसलं. भाऊबीजेला माहेरी आली होती. देवळात शिबिर भरलं होतं, आईने तिलाही ओढत नेलं असणार आणि नावही आईनेच सांगितलं असणार, कारण ते लग्नाआधीचं अख्खं नाव होतं, आमच्या वडिलांच्या नावासकट. मला हसू आलं. टेक्निशियनला म्हणालो, "हे पाहा, ही माही बहीण."

"काय निघालं मंग?"

"शून्य पॉइंट नऊ. ठणठणीत."

तिचं सासर अकोटच्या रस्त्याला. मी मार्चच्या रजिस्टरात त्या गावाचं पान उघडून तिचं नाव शोधलं. नव्हतं. शेतात गेली असेल, नाही आली शिबिराला, असं म्हणून मी तिचा ठिपका बाजूला काढला. त्याच पानावरची बाकीची नावंही दिवाळीच्या नावांशी जुळवली, जुळली नाहीत ती बाजूला काढली, आणि पुढच्या गावाकडे वळलो.

संध्याकाळी मॅडम आमच्या टेबलाशी आल्या. बाजूला काढलेल्या ठिपक्यांचा तक्ता त्यांनी वरखाली पाहिला आणि विचारलं, "सर, यात बायकाच जास्त का आहेत?"

मी म्हणालो, "बायका एकदा येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत. घरची कामं असतात."

"दिवाळीत लेकी माहेरी आलेल्या असतील ना? लग्नानंतर इकडे नाव बदलतात का?"

आता हा प्रश्न अगदी साधा होता. पण तो पुण्याच्या तोंडून आला आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी जरा आवाज चढवून म्हणालो, "मॅडम, आमचं वऱ्हाड म्हणजे जंगल नाही. आता कोणी बदलत नाही नावं. सगळ्या जोड्या मी स्वतः तपासल्यात." आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मॅडम जरा ओशाळल्या. "तसं नव्हतं म्हणायचं, सर," म्हणाल्या आणि दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. मला वाटलं, बरं झालं, जिरवली.

त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला होता. मोबाइलमध्ये ती 'छोटी' या नावाने होती, तशीच अजून आहे.

"दादा, अकोल्यालेच हायेस अन् घरी येत नाहीस? तासाभराचा त रस्ता हाय."

"काम हाय ना बापा. सुटता सुटता सहा वाजतात."

"येऊन जा ना. मले लय थकवा येऊन राहिला. उभं राहूच वाटत नाही. अंग दुखते, त दुकानातून गोळ्या आनतो अन् घेतो."

"ऊन पाहिलं काय किती हाय? पानी जास्त पीत जा."

खारपाणपट्ट्यातल्या बाईला मी पाणी जास्त पी म्हणून सांगितलं. घाईत होतो, चहा निवत होता. गेलो नाही तो नाहीच.

प्रशिक्षण संपलं, प्रमाणपत्र मिळालं, आमच्या टेबलाच्या आलेखाचं कौतुकही झालं. मी ते प्रमाणपत्र प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं आणि जूनमध्ये पोरांना ते फिरणारं मूत्रपिंड दाखवून भाव खाल्ला.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात बहिणीच्या नवऱ्याचा, आमच्या जावयांचा, फोन आला. चेहरा सुजला, पाय सुजले, पोटात काही ठरत नाही. अकोल्याला भरती केलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून आधी जावयांना विचारलं की अंगदुखीच्या गोळ्या किती दिवसांपासून घेतात, आणि मग मान हलवून म्हणाले, या गोळ्या तीन-चार महिन्यांपूर्वीच बंद व्हायला हव्या होत्या. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी तेव्हाही नशिबाला आणि त्या दुकानदाराला शिव्या देत होतो. माझा संबंध माझ्या गावीही नव्हता.

जावयांची सोयाबीनची कामं होती, म्हणून दर शनिवारी मी अमरावतीहून पहाटेच्या बसने अकोल्याला जायचो आणि तिच्यासोबत बसायचो. तिसरा शनिवार असेल. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकड्यावर आम्ही दोघं. ती माझ्या खांद्याला डोकं टेकून पडली होती. नेहमीची नर्स तिला खुणेनेच बोलवायची; त्या दिवशी दार उघडून एका नव्या मुलीने फाइल पाहत कोणा बाईचं नुसतं नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. तिने पुन्हा पुकारलं. मी मान वळवून पाहिलं, कोण ही बाई, ऐकू येत नाही की काय. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी चिडून म्हणालो, "अवं, ज्यांचं नाव घेऊन राहिले त्यायनं उठा ना लवकर, बाकीचे बी बसले हायेत."

बहिणीने डोकं उचललं. "दादा, मलेच बोलावून राहिले."

"तुले?"

"मंग कोनाले? आधारवर तेच नाव हाय माहं."

तिला आत नेलं. मी बाकड्यावर बसून राहिलो. लग्नानंतर मी तिला माहेरी आणायला गेलो होतो, तेव्हा तिच्या सासूने हातावर साखर ठेवली होती आणि सुनेचं नवं नाव सांगितलं होतं. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव. मी साखर तोंडात टाकली, "छान आहे," म्हणालो, आणि बसस्टँडवर पोहोचेपर्यंत विसरलोही. पुढे ते नाव मला कधी लागलंच नाही. माहेरी ती आमची होती तीच राहिली. सासरी तिला आधी सूनबाई म्हणायचे, मग मुलाच्या नावाने अमक्याची आई. ते तांदळातलं नाव फक्त रेशनकार्डावर, आधारवर आणि बँकेच्या पुस्तकात होतं. वीस वर्षांत मी तिला पत्र लिहिलं नाही, तिच्या नावाने काही पाठवलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव मला माहीत नव्हतं.

आणि हे नाव मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं, माझ्याच अक्षरात.

टेक्निशियनची लॅब तिथून जवळ होती. वही कॉलेजने त्याच्याच ताब्यात दिली होती. मी मागितली तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाटातून काढून दिली. तिच्या सासरच्या गावाच्या पानावर ते नाव होतं. रकान्यात जागा नव्हती म्हणून कोणी नवऱ्याचं नाव लिहिलं नव्हतं, नुसतं नाव आणि आडनाव, आणि त्या गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच. त्यापुढे मी क्रमांक घातला होता आणि लाल पेनाने लिहिलं होतं, 'एकच नोंद, बाजूला.' टेक्निशियनने संगणकात त्या क्रमांकाचा आकडा पाहिला. एक पॉइंट आठ.

"सर, तुमच्या बहिनीचा दिवाळीचा किती होता?"

"शून्य पॉइंट नऊ."

त्याने दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. दिवाळीपासून मार्चपर्यंत दुप्पट. ही रेष त्या सगळ्या आलेखात अगदी वरच्या चार-पाचांत बसली असती. मेच्या शेवटी नर्सताई तिच्या दारात उभ्या राहिल्या असत्या, आणि कोणाच्याही घरी गेल्या की त्या पहिल्यांदा काय विचारायच्या, ते मला माहीत होतं. कोणत्या गोळ्या घेता?

टेक्निशियनने आणि मी पुढचे दोन शनिवार बसून गावोगावच्या आशाताईंना फोन लावले आणि बायकांची माहेरची नावं विचारून ती वही पुन्हा जुळवली. आणखी काही जोड्या लागल्या, त्यातल्या काही रेषा वर चढणाऱ्या होत्या. ती यादी गेली, नर्सताई त्या घरी जाऊन आल्या. पुण्याच्या मॅडमना मी फोन करून सगळं सांगितलं. यादीत आणखी किती नावं आली ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मी पुन्हा विचारायला हवं होतं, सर." मला त्यांचा राग आला तर बरं असं वाटलं, पण नाही आला. त्यांनी विचारलं होतं. मीच त्यांचं तोंड बंद केलं होतं.

बहिणीला सांगायला मला तीन शनिवार लागले. दर वेळी लॅपटॉप पिशवीत घालून न्यायचो आणि तसाच परत आणायचो. शेवटी एकदा ती मशीनला लावलेली असताना, चार तास कुठे जाऊ शकत नाही अशी पडून असताना, मी स्टूल ओढून बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. रजिस्टर, वही, मॅडमचा प्रश्न, माझं उत्तर. काही राखून ठेवलं नाही. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा आमच्याकडे पाहत होता.

ती नळीकडे पाहत ऐकत होती. रडली नाही, रागावली नाही. मी रागवायची वाट पाहत होतो. मग म्हणाली, "पाहू बरं, कसं दिसते ते."

मी लॅपटॉप तिच्यासमोर धरला. दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी रेष. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे थेट वर गेलेली.

"हा पयला कवाचा?"

"दिवाळीचा. आपल्या गावचा."

"तवा मी चांगली होती." तिने बोट त्या ठिपक्यावर ठेवलं. "अन् हा दुसरा मार्चचा. तवा बी मी वावरात कामाले जात होती." मग म्हणाली, "अन् आताचा कुठी हाय?"

"तो नाही टाकला."

"टाक ना मंग."

मला टाकायचा नव्हता. पण ती म्हणाली म्हणून मी भरती केल्या दिवसाचा आकडा घातला, नऊ पॉइंट सहा. संगणक अशा वेळी आलेखाच्या बाजूची आकड्यांची पट्टी आपोआप बदलतो. आधी ती पाऊणपासून दोनपर्यंत होती, आता शून्यापासून दहापर्यंत गेली. तिसरा ठिपका वर टोकाला जाऊन बसला, आणि पहिले दोन ठिपके पार तळाशी दबले, जवळजवळ एका ओळीत. मघाशी थेट वर गेलेली रेष आता जमिनीवर टेकली होती.

तिचे सुजलेले डोळे एकदम उजळले. "हे पाह्य, दादा! हे पयले दोन त सारकेच हायेत. तुले काय, कोनालेच समजलं नसतं. अन् तू उगाच जिवाले लावून घेऊन राहिला."

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी अख्खी सकाळ हेच शिकवलं होतं. पट्टी मोठी झाली की लहान फरक दिसेनासा होतो, डोळा फसतो, म्हणून ठिपके पाहू नका, आकडे वाचा. त्या दिवशी त्यांनी असाच एक आलेख दाखवून विचारलं होतं की यात चूक काय, आणि सगळ्यांच्या आधी हात वर करून बरोबर उत्तर मीच दिलं होतं.

ती माझ्याकडे पाहत होती. स्वतःचं सगळं विसरून, माझं ओझं उतरलं का ते पाहत होती. नळी लावलेला हात हलवता येत नव्हता म्हणून दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट धरलं.

"हायेत ना सारके?"

"हो," मी म्हणालो, "सारकेच हायेत."